गोळी नव्हे, पाकीट बघा

‘इंग्लंडात पॅरासिटामॉल दूध-पावाशेजारी मिळतं, मग आपल्याकडे किराणा दुकानात का नको?’ साधी औषधं किराणा दुकानात विकू द्यावीत का, या तिकडच्या, म्हणजे भारतातल्या वादात हा दाखला आला की इंग्लंडात राहणाऱ्या माझं डोकं फिरतं. इकडे गोळी मोकळी सुटलेली नाही. मोकळीक आहे ती फक्त ५०० मिलिग्रॅमच्या १६ गोळ्यांच्या पाकिटाला. ३२ हव्यात तर फार्मसी गाठा. १९९८पासूनची ही मर्यादा. तिसरं पाकीट ठेवलं की सेल्फ-चेकआउट, म्हणजे आपलं आपण बिल करायचं यंत्र, अडून बसतं.

मोठ्या माणसाला २४ तासांत ४ ग्रॅम, म्हणजे ५००च्या आठ गोळ्या, त्याहून जास्त नाही. आपल्याकडे घरोघरी ६५०ची गोळी. सहा गोळ्यांत ३.९ ग्रॅम झाले. वर सर्दीची गोळी घेतली, अंगदुखीची ॲसिक्लोफेनॅकवाली घेतली, तर त्या दोन्हींतही बहुधा पॅरासिटामॉलच. नावं तीन, औषध एक. मात्रा जास्त झाली की यकृत बिघडतं, पण ते पहिल्या दिवशी कळत नाही, आणि उतारा म्हणून दिलेलं ॲसिटिलसिस्टीन सगळ्यात चांगलं लागू पडतं ते पहिल्या आठ तासांत. त्यात आपल्याकडे पट्टी कात्रीने कापून चार गोळ्या देतात: नाव एका तुकड्यावर, मुदत दुसऱ्यावर. हीच कात्री किराण्यात गेल्याने काय सुधारणार? आणि ‘खेड्यांचं काय’ म्हणणाऱ्यांनी आपल्या औषध नियमांतलं सवलतींचं परिशिष्ट, शेड्यूल के, वाचावं. हजारापर्यंत वस्तीच्या गावात काही घरगुती औषधं विकायला परवान्याची सूट आधीपासूनच आहे.

खरी गंमत मलमांत आहे. इकडे चिठ्ठीशिवाय क्लोबेटासोन हे खाजेवरचं स्टिरॉइड मलम मिळतं, तेही १५ ग्रॅमची ट्यूब आणि फार्मसिस्टच्या प्रश्नांसकट: तोंडावर नाही, सात दिवसांच्या वर नाही, नायटा असेल तर मुळीच नाही. आपल्याकडे ‘खाजेची ट्यूब द्या’ म्हटलं की येतं क्लोबेटासॉल. नावात जरासा फरक, ताकदीत जमीन-अस्मानाचा: हे स्टिरॉइड कितीतरी जोरकस. त्यात बुरशीचं आणि जंतूंचं औषधही कालवलेलं. दोन दिवसांत खाज थांबते, नायट्याची कड पुसट होते, बुरशी आत पसरत राहते. ट्यूब थांबवली की दुप्पट जोराने वर येते, म्हणून पुन्हा ट्यूब. २०१८मध्ये अशी १४ स्टिरॉइडं शेड्यूल एचमध्ये, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत अशा औषधांच्या यादीत, घातली. सेफिक्सिमसारखी प्रतिजैविकं तर २०१४पासून त्याहून कडक एच-१ यादीत आहेत. डॉक्टरचं नाव, रुग्णाचं नाव, किती दिलं, सगळं वहीत लिहून वही तीन वर्षं जपायची. म्हणजे नियम कडक आणि काउंटर सैल. वाद घालायचा तर यावर घाला.

बाकी आम्हा इकडच्यांनी फार ताठ बोलू नये. सकाळी आठला जीपीचा, म्हणजे इकडच्या फॅमिली डॉक्टरचा, फोन लागत नाही तेव्हा गल्लीतलं मेडिकलच आठवतं, आणि भारतातल्या सुट्टीहून परतताना बॅगेत सेफिक्सिमच्या पट्ट्या आणि तीच खाजेची ट्यूब असते. इकडे फार्मसिस्टने चार प्रश्न विचारले तर आम्ही निमूट उत्तरं देतो. तिकडे मेडिकलवाल्याने ‘चिठ्ठी?’ एवढंच विचारलं तरी लागतं: हा आपल्याला ओळखेनासा झाला.