लिटर नावाचा शास्त्रज्ञ झालाच नाही

‘लिटर हे माप क्लॉद एमील झाँ-बातीस्त लिटर (1716–1778) या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या नावावरून आले, म्हणून त्याचे चिन्ह कॅपिटल एल; त्याच्या लाडक्या मुलीचे नाव मिली, म्हणून मिलिलिटर’ अशी सुरुवात असलेला एक संदेश व्हॉट्सॲपवर फिरतो आहे. शास्त्रज्ञांनी एककांना स्वतःच आपली नावे दिली आणि भारतीयांना त्यातून मुद्दाम डावलले, असेही त्यात पुढे म्हटले आहे. नववीतल्या माझ्या भाचीने शाळेच्या भित्तिपत्रकासाठी तो जसाच्या तसा उतरवून घेतल्यामुळे आता गप्प बसणे शक्य नाही.

हा क्लॉद लिटर फ्रान्समध्ये कधी जन्मलाच नाही. कॅनडातील वॉटरलू विद्यापीठाच्या केनेथ वूल्नर यांनी एप्रिल 1978 मध्ये त्याला कागदावर जन्म दिला, तोही एप्रिल फूल म्हणून. रसायनशास्त्राच्या शालेय शिक्षकांसाठी निघणाऱ्या ‘केम 13 न्यूज’ या वार्तापत्रात त्यांनी वाइनच्या बाटल्या बनवणाऱ्याच्या या मुलाचे चरित्र इतक्या गंभीरपणे रंगवले, की ‘केमिस्ट्री इंटरनॅशनल’ या रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियतकालिकानेही ते खरे मानून छापले आणि पुढे मागे घेतले. जाणकारही फसले, हे कबूल; पण चूक दुरुस्त झाल्याचे मात्र कोणी पुढे पाठवत नाही.

खरा लिटर 1795 च्या फ्रेंच कायद्यातून आला. मीटरच्या एक दशांश लांबीची बाजू असलेल्या घनात मावेल तेवढे आकारमान म्हणजे एक लिटर, अशी ती व्याख्या होती आणि नाव घेतले होते ‘लित्राँ’ या जुन्या फ्रेंच मापावरून. 1901 मध्ये ही व्याख्या बदलून एक किलोग्रॅम पाण्याच्या आकारमानाशी जोडली गेली, त्यामुळे लिटर आणि घनडेसिमीटर (म्हणजे वरचाच एक दशांश मीटर बाजूचा घन) यांच्यात दशलक्षात सुमारे 28 भागांचा फरक पडला, आणि 1964 मध्ये हा घोळ मिटवून दोन्ही पुन्हा एक करण्यात आले. या सगळ्या इतिहासात कोणा व्यक्तीच्या नावाला जागाच नाही. मिली हा तर हजार या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून घेतलेला उपसर्ग आहे. ती लिटरसाहेबांची कन्या असेल, तर मिलिमीटर आणि मिलिग्रॅम यांच्या घरी ती कोण लागते, हे संदेश लिहिणाऱ्यानेच सांगावे.

कॅपिटल अक्षराच्या मुद्द्यात अर्धे सत्य आहे, हे नाइलाजाने मान्य करावे लागते. पॅरिसजवळच्या सेव्र येथील आंतरराष्ट्रीय वजन-मापे ब्यूरोच्या एसआय, म्हणजे आंतरराष्ट्रीय एकक पद्धतीच्या, पुस्तिकेत हा नियम आहे की व्यक्तीच्या नावावरून आलेल्या एककाच्या चिन्हाचे पहिले अक्षर कॅपिटल असते, म्हणूनच न्यूटन, व्होल्ट आणि पास्कल यांची चिन्हे तशी लिहितात. मात्र त्याच पुस्तिकेत लिटरचा अपवाद कारणासह दिलेला आहे. लिटरचे चिन्ह म्हणून 1879 मध्ये स्मॉल एल स्वीकारला गेला. तो 1 या अंकासारखा दिसत असल्याने गोंधळ टाळण्यासाठी 1979 मध्ये कॅपिटल एललाही मान्यता मिळाली, आणि आज दोन्ही चालतात. अनेक जुन्या टाइपरायटरवर तर 1 साठी वेगळी कळच नसे, तिथे स्मॉल एलच वापरत. वूल्नर यांची थट्टा याच कॅपिटल एलचे समर्थन करण्यासाठी होती.

स्वतःच नावे दिल्याचा दावा तारखा पाहताच कोसळतो. ओहम, व्होल्ट, अँपिअर, कूलोम आणि फॅरड ही पाच नावे 1881 च्या पॅरिस येथील आंतरराष्ट्रीय विद्युत परिषदेने स्वीकारली. तोवर कूलोम यांच्या निधनाला 75 वर्षे झाली होती आणि या पाच जणांत सर्वांत शेवटी गेलेले फॅराडेही 1867 मध्येच वारले होते.

राहिला भारतीयांचा मुद्दा. एसआय पद्धतीत व्यक्तींच्या नावाची 19 एकके आहेत आणि त्यांत एकही भारतीय नाही, हे खरे आहे. ज्या युरोपीय परिषदांत यांतील बरीच नावे ठरली, तिथे नजर आपापल्या देशातल्या माणसांवरच गेली, असे म्हणण्यास माझी हरकत नाही. पण त्या 19 नावांत मार्कोनी नाहीत आणि एडिसनही नाहीत. मुद्दाम डावलले असे म्हणणाऱ्याने कोणत्या बैठकीत कोणत्या भारतीयाचे नाव सुचवले गेले आणि ते कोणी नाकारले, हे आधी दाखवावे. संदेशात असे एकही नाव नाही.