छोट्या नाण्यांनाही जागा द्या

जर्मन मुक्त शहरांच्या जुन्या नाण्यांवरचा तुमचा लेख आवडला, पण सगळा भर थालरसारख्या मोठ्या चांदीच्या नाण्यांवरच आहे. न्यूर्नबर्ग, ऑग्सबर्ग, ब्रेमेन या मुक्त, म्हणजे स्वतःचा कारभार स्वतः पाहणाऱ्या शहरांत सामान्यांच्या हातात रोज खेळायचे ते क्रॉयझर, ग्रोटेन ही चिल्लर नाणी. ब्रेमेनमध्ये ७२ ग्रोटेनचा एक थालर. अंगठ्याच्या नखाएवढ्या चकतीवर ब्रेमेनचं चिन्ह असलेली किल्ली, काय नजाकत! खरी मेख टांकसाळीच्या खर्चात होती. लहान नाणं पाडायलाही मेहनत जवळपास तेवढीच, मोल मात्र किरकोळ. म्हणून त्यातली चांदी घटून तांबं वाढत गेलं. वरून उजळवलेलं नाणं झिजलं की आतली लाली दिसायची. १६१९ ते १६२३च्या चलनगोंधळात, म्हणजे हिणकस नाण्यांचा सुळसुळाट झाला तेव्हा, तर हातावर पोट असलेलेच भरडले गेले, कारण त्यांची मजुरी याच चिल्लरीत मिळायची. पुढचा लेख यावर जरूर लिहा.