वरच्या मजल्याच्या सळया

लोकमान्यनगरातल्या गणेशोत्सव मंडळाचं अध्यक्षपद तुमच्या गळ्यात पडलं, याबद्दल आधी अभिनंदन आणि लगोलग सांत्वन. नियमावली नव्यानं लिहायचं कामही तुमच्याकडेच आलंय म्हणे. अशा वेळी इंदूरचा मराठी माणूस पुण्याकडे बघतो, ही आपली जुनी खोड. बघू नका. पुण्यातली मंडळं सव्वाशे वर्षं भांडून मुरलेली आहेत. तो माल आपल्या पोटाला झेपायचा नाही. तुम्हाला हवं ते सगळं भोपाळात तयार आहे, अरेरा टेकडीवर. विधानसभा कशी रचलीय ते नीट पाहा आणि जशीच्या तशी मंडळाला लावून टाका. मी बरीच वर्षं लांबून न्याहाळतोय. तिथे रिकाम्या खुर्चीला भरलेल्या खुर्चीपेक्षा जास्त काम असतं, एवढं एक सूत्र हाती लागलं की बाकीचं आपोआप जमतं.

सुरुवात वरून करू. सुदामानगरात फिरताना स्लॅबवर उभ्या सोडलेल्या सळया पाहिल्या असतील. ‘मुलगा नोकरीला लागला की वरचा मजला चढवू.’ मुलगा नोकरीला लागतो, तो पुण्यात. फ्लॅटही तिथेच घेतो. इकडे सळयांना गंज चढतो, त्यांच्यावर कपडे वाळतात. आपल्या राज्याच्या विधिमंडळाची बांधणी अगदी अशीच आहे. 1956 मध्ये सातवी घटनादुरुस्ती झाली, तिच्यात मध्य प्रदेशाला विधान परिषद देऊन टाकली. अट इतकीच की राष्ट्रपती अधिसूचना काढून जी तारीख ठरवतील, त्या तारखेपासून. ती तारीख आजतागायत ठरलेली नाही. घटनेच्या अनुच्छेद 168 खाली बारीक अक्षरात तळटीप आहे, की अशी कोणतीही तारीख नेमलेली नाही. एका राज्याचं अख्खं वरिष्ठ सभागृह तळटिपेत राहतंय. विधानसभेला आपण इमानेइतबारे ‘कनिष्ठ सभागृह’ म्हणतो. वरिष्ठ कोण, ते विचारायचं नाही.

मौज पुढेच आहे. 1996 पर्यंत विधानसभा मिंटो हॉलमध्ये भरायची. मग चार्ल्स कोरिया यांनी आखलेलं गोल विधानभवन उभं राहिलं, आणि त्या आराखड्यात विधान परिषदेचं सभागृहसुद्धा आहे. परिषद नाही, तिची खोली आहे.

हे मंडळात कसं लावायचं? तुमच्याकडे सत्तरी ओलांडलेले सात-आठ आजोबा आहेत, ज्यांना प्रत्येक बैठकीत 1960 सालचा गणपती आठवतो. त्यांना नाराज करू नका. नियमावलीत ‘ज्येष्ठ सल्लागार सभा’ असं स्वतंत्र कलम घाला. मांडवामागची खोली त्यांच्या नावानं करा, दारावर पाटी लावा. फक्त तारीख घालू नका. आत तंबूवाल्याच्या खुर्च्या एकावर एक रचून ठेवता येतात.

सभासद किती असावेत? घटनेनुसार विधानसभेत किमान 60 आणि कमाल 500. भोपाळात 230 आहेत. छत्तीसगड 2000 मध्ये वेगळं झालं, त्याआधी 320 होते. आपल्या इंदूर जिल्ह्याचे त्यात 9. तुमची वर्गणी देणारी घरं 60, म्हणजे तुम्ही घटनेत काठावर का होईना, बसता. पण 60 माणसं खरंच बैठकीला येतील अशी भीती बाळगू नका. गणपूर्ती म्हणून एक सोय आहे: दहा सभासद किंवा एक दशांश, यांतला जो आकडा मोठा तो. म्हणजे 230 मध्ये 23 जण बसले की साडेसात कोटींवर माणसांचं राज्य बाकायदा चालू. तुम्हाला 10 पुरतात, आणि पोहे-जलेबी सांगून ठेवली असेल तर 10 कुठे जात नाहीत. शिवाय माणसं कमी आहेत हे कोणीतरी उठून बोलून दाखवेपर्यंत माणसं कमी नसतात. बोलून दाखवणारा स्वतः हजर लागतो, आणि जो हजर असतो त्याला आपलं काम उरकून घरी जायचं असतं.

बैठका वर्षातून किती? इथे घटनेनं फार समजूतदारपणा दाखवलाय. एका अधिवेशनाची शेवटची बैठक आणि पुढच्याची पहिली, यांत सहा महिन्यांपेक्षा जास्त अंतर नको, एवढंच तिनं म्हटलंय. किती दिवस बसायचं याबद्दल तिनं चकार शब्द काढलेला नाही. एक दिवस बसलं तरी अधिवेशनच. सप्टेंबर 2020 मध्ये, कोरोनाच्या काळात, भोपाळात एका दिवसाचं अधिवेशन झालं आणि त्या एका दिवसात वर्षाचा अर्थसंकल्पसुद्धा मंजूर झाला. कोरोना गेला, पण एवढ्या मोठ्या कामाला एवढा थोडा वेळ पुरतो ही माहिती मागे राहिली. तुमचं अंदाजपत्रक तर डीजे, मांडव आणि प्रसाद इतकंच. आरतीच्या आधी ‘हो’ म्हणवून घ्या. आवाजी मतदानात ज्याचा आवाज मोठा त्याचं बहुमत, आणि डीजे कोणाच्या हातात आहे हे मी सांगायला नको.

आता तुमच्या खुर्चीविषयी. भोपाळात तिला ‘आसंदी’ म्हणतात, आणि या शब्दानं निम्मं काम होतं. ‘अध्यक्ष खोटं बोलतायत’ असं म्हणता येतं. ‘आसंदी खोटं बोलतेय’ म्हणताना जीभ अडखळते. आसंदीच्या उजव्या हाताला सत्ताधारी बसतात, डाव्या हाताला विरोधक. तुम्ही एरवी मत द्यायचं नाही, दोन्ही बाजू समसमान झाल्या तरच द्यायचं. तोवर तटस्थ दिसायचं. ताई, म्हणजे आपल्या सुमित्राताई महाजन, 2014 ते 2019 लोकसभेच्या अध्यक्ष होत्या. इंदूरनं अख्ख्या देशाला अध्यक्ष पुरवलाय याचा तुम्हाला अभिमान असणार. पण त्यांचं उदाहरण डोळ्यांपुढे ठेवू नका. त्या 1989 पासून ओळीनं आठ वेळा निवडून आल्या होत्या. तुम्ही बिनविरोध आलात, कारण नाव पुकारलं तेव्हा बाकीचे चहाला गेले होते.

तुम्हाला काढायचं झालं तर? विधानसभेच्या अध्यक्षांना हटवायचा ठराव आणायला आधी 14 दिवसांची नोटीस लागते, आणि तो उपस्थितांच्या नव्हे, त्या वेळच्या एकूण सभासदांच्या बहुमतानं मंजूर व्हावा लागतो. हे कलम शब्दशः उचला. गणपती दहा दिवसांचे, नोटीस चौदा दिवसांची. पहिल्याच आरतीला कोणी नोटीस हातात ठेवली तरी ती पिकेपर्यंत विसर्जन होऊन तुम्ही पाठदुखीवर शेक घेत असाल. अजून एक गोड कलम आहे: विधानसभा बरखास्त झाली तरी अध्यक्षांचं पद लगेच जात नाही, नव्या विधानसभेची पहिली बैठक भरायच्या आधीपर्यंत ते राहतं. घर पाडलं, ओसरीवरचे आजोबा तिथेच.

उपाध्यक्ष मात्र नेमू नका. कागदावर ठेवा, अगदी ठसठशीत ठेवा, कारण घटनेनं ‘शक्य तितक्या लवकर’ दोघंही निवडा असं सांगितलंय. हे ‘शक्य तितक्या लवकर’ फार लवचिक असतं. भोपाळात उपाध्यक्षपद विरोधकांना द्यायची प्रथा होती. 2019 च्या जानेवारीत भाजपनं अध्यक्षपदाला उमेदवार दिला, काँग्रेसनं चिडून दोन्ही पदं आपल्याकडे ठेवली, प्रथा मोडली. मार्च 2020 मध्ये काँग्रेसचं सरकार पडलं, उपाध्यक्षांची खुर्ची रिकामी झाली, आणि ती विधानसभा 2023 मध्ये संपेपर्यंत तिच्यावर कोणी बसलं नाही. कोणाचं काही अडलं? अध्यक्षांनी राजीनामा द्यायचा झाल्यास तो उपाध्यक्षांच्या नावे द्यायचा असतो. उपाध्यक्षच नसेल तर द्यायचा कोणाला, या विचारात माणूस खुर्चीवर टिकून राहतो.

राजीनाम्यावरून आठवलं. विधानसभेत सभासदानं राजीनामा फेकला म्हणून तो लागू होत नाही. तो स्वेच्छेनं दिलेला आणि खराखुरा आहे अशी अध्यक्षांची खात्री पटावी लागते. मार्च 2020 मध्ये काँग्रेसच्या 22 आमदारांनी राजीनामे दिले, बहुतेकांनी बंगळुरूहून धाडले. त्यांत आपल्या शेजारचे सांवेरचे आमदारही होते. अध्यक्षांनी आधी सहा मंत्र्यांचे स्वीकारले, बाकीच्यांबाबत खात्री पटायला वेळ घेतला, आणि 16 तारखेला सभागृह थेट 26 तारखेपर्यंत तहकूब केलं, कारण कोरोना. शेवटी सर्वोच्च न्यायालयानं बहुमत सिद्ध करायला 20 तारखेचा मुहूर्त काढून दिला आणि मुख्यमंत्र्यांनी त्याच्या आधीच पद सोडलं. यातून तुमच्या कामाचं एवढंच: ढोलपथकातली मुलं शेजारच्या मंडळात गेली, तर त्यांचे राजीनामे उघडू नका. खात्री पटवत बसा. अनंत चतुर्दशीपर्यंत ती तुमचीच.

पदं वाटताना हात आखडता घेऊ नका, पण कायद्यात राहा. 2003 च्या 91 व्या घटनादुरुस्तीनं मंत्रिमंडळ सभासदसंख्येच्या 15 टक्क्यांत बांधलं. 230 चे 15 टक्के म्हणजे साडेचौतीस. तो अर्धा मंत्री कोण, यावर ओट्यावर बसून पुष्कळ रात्री घालवता येतात. तुमच्या 60 चे 15 टक्के 9 होतात. पण घटनेला लहान राज्यांची दया आली आणि मुख्यमंत्री धरून 12 पेक्षा कमी नकोत असं तिनं जोडून ठेवलंय. तेव्हा 12 पदं. कार्याध्यक्ष, सहकार्याध्यक्ष, सजावटप्रमुख, मोदकप्रमुख. नैवेद्याचे मोदक करणाऱ्या वहिनींना यातलं काही देऊ नका, त्या कामात असतात.

प्रश्न विचारणारे निघतीलच. त्यांच्यासाठी पहिला तास राखून ठेवा, म्हणजे बाकीचे तास मोकळे होतात. भोपाळात रोजचे 25 तारांकित, म्हणजे तोंडी उत्तराचे, प्रश्न सोडत काढून घेतात. त्या सोडतीला ‘शलाका’ म्हणतात. ऐकूनच प्रश्नाचं सार्थक झाल्यासारखं वाटतं. उत्तराला एक सिद्ध वाक्य आहे, ते फ्रेम करून लावा: ‘जानकारी एकत्रित की जा रही है.’ गेल्या वर्षी डीजेवर किती खर्च झाला? जानकारी एकत्रित की जा रही है. जमली तर फारच बरं, पण कोणी जमवत बसू नये. आणि ‘पुढच्या वर्षी हिशेब फळ्यावर लावू’ असं चुकून तोंडातून गेलंच, तर घाबरायचं काही नाही. विधानसभेत मंत्र्यांनी दिलेल्या आश्वासनांचं पुढे काय झालं ते तपासायला एक स्वतंत्र समितीच आहे, शासकीय आश्वासनांची. तशी एक करा, आणि प्रश्न विचारणाऱ्यालाच तिचा सभापती करा. मग हिशेब मागायला लोक त्याच्याकडे जातात.

एक शब्द सांभाळून वापरा. आसंदीपुढच्या मोकळ्या जागेला भोपाळात ‘गर्भगृह’ म्हणतात. ‘विपक्ष के सदस्य गर्भगृह में आ गए’ हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं, दर्शनाला आले असतील. ते घोषणा द्यायला येतात. तुमच्याकडे गर्भगृहात खराच गणपती बसलेला असणार आणि लोक आरतीसाठी खरंच पुढे येणार. कोण भक्तीनं आलाय आणि कोण हिशेब मागायला, हे ओळखायची सवय करून घ्या. हिशेबवाला प्रसाद घेत नाही.

शिव्यांचाही बंदोबस्त आहे. ऑगस्ट 2021 मध्ये विधानसभेनं असंसदीय शब्दांची एक पुस्तिकाच काढली: 38 पानं, 1161 शब्द आणि वाक्प्रयोग. ‘ढोंगी’, ‘निकम्मा’, ‘बंटाधार’, ‘पप्पू’ सगळे त्यात. मला तर ती फार उपयोगी वाटली. माणसाला एरवी पाच-सहाच आठवतात. बैठकीत कोणी यातलं काही बोललं, तर ‘विलोपित’ असं शांतपणे म्हणायचं; मग ते बोललंच गेलं नाही असं धरतात. ज्याला बोलले तो तेवढा विसरत नाही.

मसुदा झाला की एकदा जाऊन प्रत्यक्ष पाहून या. सरवटेवरून बस धरा. ते तात्यासाहेब सरवटे आपल्या इंदूरचे, संविधान सभेचे सभासद होते, त्यांच्या नावाच्या स्टँडवरून निघालेलं शोभतं. ओळखीच्या आमदाराकडून प्रेक्षक दीर्घेचा, म्हणजे वरच्या गॅलरीचा, पास घ्या. मोबाइल बाहेर जमा करावा लागतो. आत गेल्यावर बोलायचं नाही, टाळी वाजवायची नाही, उभं राहायचं नाही. जरा हललात तरी मार्शल येऊन बजावतो. खाली काहीही चालू असलं तरी वर हा नियम कडक पाळतात. दुपारचा डबा बांधून न्यायचा विचार असेल तर राहू द्या. बऱ्याचदा जेवायच्या आतच तहकूब होतं.