प्रतिक्रियेला उत्तर: दंड काढायला गेलात आणि ‘त’, ‘थ’ही गेले, त्याबद्दल

नमस्कार. शब्दांची वारंवारिता मोजण्याच्या लेखावर तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया सविस्तर उत्तर देण्याजोगी आहे. थोडक्यात तुमच्या तक्रारी तीन. अभंग आणि त्यांचा गद्य अर्थ असलेल्या फाइलवर लेखातली दंड (‘।’) काढणारी ‘ट्र’ या आज्ञेची ओळ चालवली तर सगळा मजकूर नासला. ती ओळ वगळून पुढे गेलात तर ‘दुसऱ्या’ हा शब्द यादीत दोनदा आला, वेगवेगळ्या आकड्यांसह. आणि क्रमवारीत ‘ळ’ हा ‘ल’ आणि ‘व’च्या मध्ये घुसला. यावरून तुमचा निष्कर्ष: युनिक्सची ही हत्यारं इंग्रजीपुरतीच, मराठीसाठी सरळ पायथन वापरावं.

पहिली तक्रार शंभर टक्के बरोबर आहे आणि चूक लेखाची आहे. दुसरीत हत्यारांचा दोष नाही. तिसरी अर्धी खरी. (आज्ञा इथे देवनागरीत लिहितोय, टर्मिनलमध्ये अर्थातच रोमनमध्ये टाइप करायच्या.)

आधी ‘ट्र’, म्हणजे चिन्हं बदलणारी किंवा काढणारी आज्ञा. यूटीएफ-८ मध्ये (युनिकोडची चिन्हं बाइटांत साठवण्याची पद्धत) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं असतं. ‘मराठी’ हा शब्द आपल्या लेखी तीन अक्षरांचा, युनिकोडच्या लेखी पाच चिन्हांचा (म, र, काना, ठ, वेलांटी) आणि डिस्कवर पंधरा बाइटचा. चिन्हं मोजणारं ‘डब्ल्यूसी -एम’ पाच सांगतं, बाइट मोजणारं ‘डब्ल्यूसी -सी’ पंधरा. शब्द ‘एको’ या छापणाऱ्या आज्ञेने पाठवलात तर ओळ संपल्याची खूण धरून दोन्हीत एक वाढवा. लिनक्सवर असणाऱ्या ग्नूच्या ‘ट्र’ला मात्र फक्त बाइट कळतात. एकेरी दंड ‘।’ म्हणजे २२४, १६५, १६४ हे तीन बाइट. ‘ट्र -डी’ला तो दिला की ते हे तिन्ही बाइट सुटेसुटे धरून फाइलभर जिथे दिसतील तिथून काढतं. आता गंमत बघा: देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाचा पहिला बाइट २२४ आणि दुसरा १६४ किंवा १६५. म्हणजे प्रत्येक चिन्हाचे दोन बाइट उडाले, तिसरा तेवढा उरला. ‘मराठी’चे पंधराचे पाच झाले. ‘त’चा तिसरा बाइट १६४ आणि ‘थ’चा १६५, त्यामुळे ही दोन अक्षरं मागमूस न ठेवता गेली. तुमची फाइल साधारण एक तृतीयांशच का उरली आणि मजकुरात शोध घेणारं ‘ग्रेप’ तिला बायनरी (मजकूर नसलेली) का म्हणू लागलं, त्याचं कारण हेच. ती फाइल दुरुस्त होणार नाही, मूळ प्रतच घ्यावी लागेल.

म्हणून ‘ट्र’ टाकून द्यायला नको. स्पेसच्या जागी नवी ओळ घालणं, विंडोजवरून आलेल्या फाइलीतला १३ क्रमांकाचा बाइट काढणं, ही कामं मराठी फाइलवरही बिनधोक होतात. १२८ च्या खालचा बाइट यूटीएफ-८ मध्ये दुसऱ्या चिन्हाच्या पोटात कधीच येत नाही. दंड काढायचे असतील तर ‘सेड’ (मजकुरात शोधून बदल करणारी आज्ञा) घ्या, त्याला पूर्ण चिन्ह कळतं. पण त्यातही एक खाच आहे. ‘।’ आणि ‘॥’ चौकटी कंसात एकत्र लिहिलेत तर लोकॅल (भाषा आणि चिन्हसंच ठरवणारी मांडणी) यूटीएफ-८ असणं भाग आहे. क्रॉनमधून (ठरल्या वेळी आज्ञा चालवणारी सोय) चालवलेल्या स्क्रिप्टला बहुधा नुसतं ‘सी’ लोकॅल मिळतं आणि तिथे तोच कंस पुन्हा सुट्या बाइटांचा होतो. टर्मिनलमध्ये चालतं, रात्री क्रॉनमध्ये नासतं, या प्रकारामागे बरेचदा हेच निघतं. क्रॉनटॅबच्या पहिल्या ओळीत ‘एलसी_ऑल’ला ‘सी.यूटीएफ-८’ हे मूल्य द्या. डेबियनमध्ये ते पूर्वीपासून आहे, मूळ ग्लिबसी या लिनक्सच्या पायाभूत लायब्ररीत २.३५ पासून (२०२२).

आता ‘दुसऱ्या’. हा शब्द तुमच्या फाइलीत खरोखरच दोन प्रकारे लिहिलेला आहे, फक्त पडद्यावर तो सारखा दिसतो. एका ठिकाणी ऱ, हलन्त, य. दुसऱ्या ठिकाणी साधा र, हलन्त, मग झेडडब्ल्यूजे नावाचं अदृश्य जोडचिन्ह आणि य. पहिला २१ बाइट, दुसरा २४. तिसरा प्रकारही असतो: साधा र आणि त्याखाली वेगळा नुक्ता, तोही २४. हाच घोळ ‘ॲप’चा. ‘ॲ’ हे एकसंध चिन्ह युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ आवृत्तीत आलं, त्यामुळे अ आणि वर सुटा चंद्र असं लिहिलेला मजकूर अजून ढिगानं सापडतो.

पायथनचा शब्द मोजणारा काउंटरसुद्धा हे शब्द वेगळेच मोजेल. उलट तिथे आणखी एक फटका बसतो: पायथनच्या नेहमीच्या ‘आरई’ मॉड्यूलमध्ये शब्दासाठी बॅकस्लॅश-डब्ल्यू वापरलं तर काना-मात्रा शब्दात धरल्याच जात नाहीत आणि ‘मराठी’चे ‘मर’ आणि ‘ठ’ असे दोन तुकडे होतात. ‘ग्रेप’मध्ये [अ-ह] लिहिणाऱ्यांचंही हेच होतं, कारण सगळ्या मात्रा युनिकोडमध्ये ‘ह’च्या पुढे बसतात आणि अनुस्वार ‘अ’च्या आधी.

तेव्हा मोजण्याआधी मजकूर एकसारखा करायचा, आणि इथे क्रम चुकला की सगळं चुकलं. पहिल्यांदा ‘युकॉन्व्ह -एक्स एनी-एनएफसी’ (डेबियन-उबंटूत ‘आयसीयू-डेव्हटूल्स’ या पॅकेजात मिळतं; एनएफसी म्हणजे समतुल्य सुटी चिन्हं जोडून केलेलं युनिकोडचं प्रमाण रूप). त्याने र आणि नुक्ता जुळून ‘ऱ’ होतो. पण झेडडब्ल्यूजेवाला प्रकार आणि चंद्रवाला ‘अ’ युनिकोडच्या नियमांत समतुल्य नाहीत, त्यामुळे एनएफसी त्यांना हात लावत नाही. ते ‘सेड’नं करायचं: र, हलन्त, झेडडब्ल्यूजे या तिघांच्या जागी ऱ आणि हलन्त, अ आणि चंद्राच्या जागी ‘ॲ’. उरलेली अदृश्य जोडचिन्हं आणि तोडचिन्हं त्यानंतर काढा. आधी काढलीत तर ‘दऱ्या’ची ‘दर्या’ होते, डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्र झाला! आणि आचाऱ्यांना दिलेला शिधा आचार्यांच्या नावावर पडतो. एकदा तसं झालं की कुठली दर्या खरी हे कुठलीही आज्ञा सांगू शकत नाही.

मग ‘ग्रेप’ला -ओ आणि -पी देऊन [ँ-ॣॲ]+ हा नमुना. ‘ॣ’वर थांबायचं कारण त्याच्या लगेच पुढे दंड आणि मग अंक येतात. ‘ॲ’ त्यांच्याही पलीकडे आहे, म्हणून तो हातानं जोडावा लागतो. त्यापुढे ओळी क्रमानं लावणारं ‘सॉर्ट’, सारख्या ओळी मोजणारं ‘युनिक -सी’, आणि आकड्यानुसार उलटा ‘सॉर्ट’. यातल्या पहिल्या ‘सॉर्ट’ला मुद्दाम ‘सी’ लोकॅल द्या: ‘युनिक’ला सारख्या ओळी फक्त लागोपाठ हव्या असतात, वर्णक्रमाशी त्याला देणंघेणं नाही, आणि कामही जलद होतं.

‘ळ’चं म्हणाल तर बाइटच्या क्रमात तो ‘ल’ आणि ‘व’च्या मध्येच येणार, युनिकोडमध्ये त्याची जागा तीच आहे; आपल्या वर्णमालेत तो ‘ह’नंतर. कोशासारखी यादी हवी असेल तर शेवटच्या यादीवर मराठी लोकॅल लावून ‘सॉर्ट’ करा. पण आधी ‘लोकॅल -ए’च्या यादीत ‘एमआर_आयएन’ दिसतंय ना ते बघा. ते बसवलेलं नसेल तर ‘सॉर्ट’ चकार शब्द न काढता बाइटच्या क्रमावर जातं. ‘सॉर्ट --डीबग’ दिलं की कुठले नियम लागले ते पहिल्याच ओळीत कळतं. मग ळ, व, ह अशा तीन ओळींवर चालवून बघा, आणि तुमच्या मशीनवरचा क्रम पटला तरच मोठी फाइल द्या. संख्येनं लावलेल्या यादीत वर्णक्रमाचा हट्ट मला तरी अनाठायी वाटतो.

‘ऑक’ (मजकुरावर ओळीओळीनं काम करणारी छोटी भाषा) वापरणार असाल तर एवढंच: डेबियन-उबंटूत त्या नावामागे बहुतेक वेळा ‘एमऑक’ असतं आणि ते ‘मराठी’ची लांबी १५ सांगतं. ‘जीऑक’ बसवा, ५ सांगेल. ३ दोघंही सांगणार नाहीत.

मूळ लेखातली दंडाची ओळ बदलून ‘सेड’ची घातली आहे. एवढं करूनही एखादा शब्द यादीत तुटलेला दिसला तर मूळ फाइलीतली तेवढी ओळ बाइटचे आकडे दाखवणाऱ्या ‘ओडी -एएन -टीयू१’ला द्या आणि आकडे वाचा. अक्षरांच्या मध्ये २२६ १२८ १४१ असेल तर जोडचिन्ह काढायचं राहिलंय, १४० असेल तर तोडचिन्ह. १९४ १७३ म्हणजे वेबपानावरून किंवा पीडीएफमधून आलेली अदृश्य संयोगरेषा. तीही त्याच ‘सेड’च्या ओळीत घाला. आणि २२४ चा पत्ताच नसेल, सगळे आकडे भलतेच असतील, तर ती ओळ जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टमधली आहे. तिथे ‘आयकॉन्व्ह’ (एका चिन्हसंकेतातून दुसऱ्यात नेणारी आज्ञा) काही करू शकत नाही, त्या फॉन्टसाठीच बनवलेला परिवर्तकच लागेल.