लग्नाच्या तोंडावर लेसर? जरा दमानं घ्या की

तुळशीचं लग्न लागलं की बेळगावात दोन बुकिंगांना ऊत येतो, मंगल कार्यालयांच्या आणि 'ब्रायडल ग्लो लेसर'च्या. खानापूर, निपाणीकडच्या मुलीसुद्धा एस्टीनं येऊन पॅकेजचे पैसे भरून जातात. लग्न महिन्यावर आलेलं असताना चेहऱ्यावर रिसरफेसिंग, म्हणजे लेसरनं कातडी भाजून नवी आणायचं काम, करायला जो हो म्हणतो, त्याला गिऱ्हाईक हवंय, एवढंच मी म्हणेन.

लेसर वाईट, असं माझं म्हणणं नाही. मुरमांचे खड्डे फेशियलनं भरत नाहीत, हळद-सायीनं तर नाहीच नाही. फ्रॅक्शनल सीओटू लेसर कातडीला बारीक बारीक भाजलेली छिद्रं पाडतो. मधली कातडी शाबूत ठेवतो, तिच्या जोरावर जखम लवकर भरते. पण आत नवं कोलॅजन, म्हणजे कातडीला भरीवपणा देणारं प्रथिन, तयार व्हायला ३ ते ६ महिने जातात, आणि जाहिरातीत नेमकं तेवढंच नसतं.

माझ्या मामेबहिणीला लेसरच्या दुसऱ्या दिवशी बघितलं. तोंड सुजून लाल, गालांवर तपकिरी ठिपक्यांची जाळी, वर व्हॅसलिनचा थर. आठवड्यात खपल्या पडल्या, सगळे खूश. आणि मग गालांवर काळपट छटा चढायला लागली. आपली गव्हाळ-सावळी कातडी भाजली की काळे डाग धरते, गोऱ्या कातडीपेक्षा कितीतरी जास्त. डाग फिके पडले, पण लग्नाचा अल्बम येऊन गेल्यावर. हे होऊ शकतं म्हणून तिला आधी कुणी सांगितलं नव्हतं. सही घेतली तो कागद इंग्रजीत.

त्यात आपल्याकडं मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेली 'गोरं करणारी' क्रीम. अशा कितीतरी क्रीममध्ये स्टिरॉइड असतं, लावून लावून कातडी पातळ होते. घरच्यांसमोर लाज वाटली तरी डॉक्टरला हे सांगाच. ओठावर ताप उठत असेल, जखमेचे वण फुगून वर येत असतील, तेही सांगा.

डॉक्टर एमडी स्किन आहेत का आणि मशीन स्वतः चालवणार का, हे तोंडावर विचारा. कानापाशी टेस्ट पॅच, म्हणजे छोट्याशा जागेवर आधी चाचणी, करून बघा म्हणावं. सगळ्या खड्ड्यांना लेसर हे औषधही नाही. सुईनं टोचल्यासारख्या खोल खड्ड्यांना टीसीए क्रॉस करतात, म्हणजे खड्ड्यात जालीम ॲसिडचा थेंब सोडतात; तळाशी ओढल्या गेलेल्यांना सबसिजन, म्हणजे कातडीखाली सुई घालून ओढणारे धागे तोडतात. चेहरा नीट न बघताच चार सिटिंगचा रेट सांगितला तर चप्पल घाला आणि निघा.

करायचंच असेल तर आदल्या पावसाळ्यात करा. जुलैत आपल्याकडं ऊन असतंय कुठं! तरी सनस्क्रीन सोडायचं नाही. आधी टेस्ट पॅच, मगच होकार, असे डॉक्टर बेळगावात कुणाला माहीत असतील तर इनबॉक्स करा. आमच्या गल्लीतल्या दोघी विचारतायत.