गूळ पाजून गायीचा कीटोसिस जात नाही

गायीच्या कीटोसिसवरचा, म्हणजे व्याल्यावर दुधासाठी ग्लुकोज कमी पडून अंगातली चरबी वितळायला लागते त्या आजारावरचा, तुमचा लेख चांगला आहे पण 'कीटोसिस झालेल्या गायीला रोज किलोभर गूळ पाजा' हे वाक्य कृपया काढा. आपण गूळ खाल्ला की साखर रक्तात जाते, गायीचं तसं नसतं, कोठीपोटातले (तिच्या पहिल्या मोठ्या पोटातले) जंतू तो आधीच आंबवून टाकतात, ग्लुकोज म्हणून रक्तात फारसं काही पोचतच नाही, उलट जास्त झाला तर ॲसिडोसिस होऊन (पोटात आम्ल वाढून) आधीच न खाणारी गाय पार बसते. तिचं लिव्हर मुख्यतः प्रोपिओनेटपासून (जंतू खाद्य आंबवतात तेव्हा तयार होणाऱ्या एका आम्लापासून) ग्लुकोज बनवतं म्हणून डॉक्टर शिरेतून डेक्स्ट्रोज (म्हणजे थेट ग्लुकोजच) देतात आणि वर प्रोपिलीन ग्लायकॉल (लिव्हरला ज्यापासून ग्लुकोज बनवता येतं असं औषध) पाजायला सांगतात. एक लिटर दुधामागे साधारण ७० ग्रॅम ग्लुकोज लागतं, म्हणजे २५ लिटर दूध देणाऱ्या एचएफ (होल्स्टिन फ्रिजियन) गायीला दिवसाला पावणेदोन किलो! कीटो डाएटवाला (भात-पोळी सोडून चरबीवर राहणारा) माणूस भात खाऊन कीटोसिसमधून बाहेर येतो, हिची धार मात्र चालूच असते, मग अंगातली चरबी वितळत राहते आणि लिव्हरवर साठते.

आमच्या संगमनेर भागात हे कायम बघतो, व्याल्यावर दोन-तीन आठवड्यांत गाय गोळीपेंड सोडते पण कडबा चघळते, शेण घट्ट येतं, तोंडाला गोडसर वास येतो आणि घरचे म्हणतात नजर लागली. त्यात दोन-चार दिवस गेले की दूध निम्म्यावर येतं. आणि भाकड काळात (व्यायच्या आधी दूध बंद असतं तेव्हा) गाय लठ्ठ होऊ देऊ नका हे लेखात कुठेच नाही, खरं तर अशाच गायींना हे जास्त होतं, तेवढं तरी टाका.