उलटी होतेय म्हणजे ऑपरेशन चांगलं झालं, हे कुणी सांगितलं?

गेल्या आठवड्यात आमच्या घरच्या ग्रुपवर दादांनी, म्हणजे माझ्या चुलत दिरांनी, एक मेसेज टाकला आणि दोन दिवसांत तोच मेसेज मला अजून तीन ठिकाणांहून आला, माहेरच्या ग्रुपवर, भिशीच्या ग्रुपवर, आणि इथं कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आमच्या टेलरबाईंनी पण पाठवला. वर ठळक अक्षरात 'वजन उतरवायचं ऑपरेशन केलेल्यांसाठी महत्त्वाचं', आणि खाली थोडक्यात असं, की ऑपरेशननंतर जेवल्यावर उलटी होणं नॉर्मल आहे, उलटीनंच वजन उतरतं, घाबरू नका. घट्ट खाणं सोसत नसेल तर पातळावरच राहा, ज्यूस घ्या, पांढरा रस्सा प्या, ताकद येते. घास अडकला तर वरनं पाणी नाहीतर सोडा प्या. भाकरी-मटण आयुष्यभर विसरा. आणि एवढं करून पण खाणं जाईना तर तो मनाचा खेळ आहे.

माझं बायपास, म्हणजे हृदयाचं नव्हे, वजन उतरवायचं जठराचं बायपास, होऊन १४ महिने झाले. मागच्या वर्षी असाच मेसेज मला कुणीतरी पाठवलेला, त्यातलं पहिलं वाक्य मी खरं मानलं आणि १२ दिवस उलट्या काढत घरात बसले. म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितेय, लांबेल जरा, पण वाचा.

आधी उलटीचंच. बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाची एक छोटी पिशवी करतात, साधारण ३० मिलीची, म्हणजे दोन मोठे चमचे, आणि ती खाली लहान आतड्याला जोडतात, तो जोड एक-दीड सेंटिमीटरचा असतो. स्लीव्ह हे वजनाचं दुसरं ऑपरेशन, त्यात जठराचा ७५ ते ८० टक्के भाग काढूनच टाकतात, उरतं ते केळ्यासारखं लांबट, त्यात १०० ते १५० मिली मावतं. वजन उतरतं ते कमी खाल्लं जातं म्हणून आणि भुकेची हार्मोन्स बदलतात म्हणून, स्लीव्हमध्ये तर घ्रेलिन नावाचं भुकेचं हार्मोन जिथं जास्त तयार होतं तोच भाग जातो. उलटी ह्यात कुठंच येत नाही. उलटी झाली की प्रोटीन बाहेर, पाणी बाहेर, गोळ्या बाहेर, आणि मग जे वजन उतरतं त्यात चरबीबरोबर हातापायातली ताकद पण जाते.

आता पहिल्या दोन-तीन महिन्यांत एखादवेळी उलटी होते हे खरं आहे, मी नाही म्हणत नाही. घास मोठा गेला, घाईत खाल्लं, नीट चावलं नाही, जेवता जेवता पाणी प्यायलं, कारण हाताला लागतं आणि ते सुधारलं की उलटी थांबते. पण मागच्या आठवड्यात जे जात होतं तेच ह्या आठवड्यात जाईना झालं, तर ते वेगळं प्रकरण आहे.

माझं असंच झालं. सहा आठवडे सगळं चार्टप्रमाणे, दुधात कुस्करलेली भाकरी, आसट मुगाची खिचडी, अंड्याची मऊ भुर्जी, सगळं चमच्या-चमच्यानं जात होतं. सातव्या आठवड्यात भाकरी अडकायला लागली. मला वाटलं चावायला कमी पडले असेन, म्हणून खिचडीवर आले, दोन दिवसांनी खिचडी अडकली, मग दही, मग वरणाचं नुसतं पाणी. दसऱ्याला पोरं दसरा चौकातनं सोनं घेऊन आली आणि मी मोरीत वाकून बसलेली, तोंडातनं नुसता पांढरा चिकट फेस, घास तर सकाळपासनं घेतलाच नव्हता. दुसऱ्या दिवशी घरात मटण शिजत होतं आणि मला चार घोट पाणी ठरत नव्हतं. जाऊबाई म्हणाल्या, अगं मेसेज वाच की, सगळ्यांनाच होतंय. त्यांचं पण चुकलं नाही, मला धीर द्यायला म्हणाल्या.

त्या रात्री नवऱ्यानं डिस्चार्जच्या कागदावरच्या नंबरला फोन लावला. डॉक्टरांनी दोनच गोष्टी विचारल्या, आधी घट्ट अडकत होतं आणि आता पातळ पण अडकतंय का, आणि रोज वाढत चाललंय का. दोन्हीला हो म्हटल्यावर लगेच या म्हणाले. एंडोस्कोपी केली, म्हणजे तोंडातनं कॅमेऱ्याची नळी आत घालून बघितलं, नळी नऊ-दहा मिलिमीटर जाडीची असते, ती जोडाच्या पलीकडे जाईना, एवढी वाट आकसलेली. भाजलेल्या जागेची कातडी बरी होताना कशी ओढली जाते तसं तो जोड भरून येताना काही जणांचा आवळत जातो, आणि हे बहुतेक वेळा पहिल्या एक ते तीन महिन्यांतच दिसतं. त्याच नळीतनं छोटा फुगा घालून, तो फुगवून वाट रुंद केली, तीन आठवड्यांनी परत एकदा केली. पहिल्या फुग्यानंतर संध्याकाळी पाणी खाली उतरलेलं मला कळलं, पोटात गार गेल्यासारखं, तेव्हा मी रडले. जे काम एका दुपारचं होतं त्यासाठी मी १२ दिवस नॉर्मल आहे नॉर्मल आहे म्हणत बसले होते. स्लीव्हवाल्यांना हा जोड नसतो पण त्यांच्या त्या केळ्याला मधे जिथं वळण असतं तिथं वाट अरुंद होऊ शकते किंवा पीळ पडू शकतो, त्रास असाच दिसतो. आणि बायपासमध्ये जोडाजवळ अल्सर, म्हणजे आतनं जखम, पण होऊ शकतो, दुखण्याच्या गोळ्या म्हणजे ब्रुफेन वगैरे, आणि सिगारेट-बिडी ही त्याची मोठी कारणं. मिश्री लावणाऱ्या बायांनो, मिश्री पण तंबाखूच आहे, डॉक्टरांना सांगायला लाजू नका.

अजून एक गोष्ट जी मला कुणीच आधी सांगितली नव्हती. दवाखान्यात सलाईन लावायच्या आधी सिस्टरनी बी१ चं, म्हणजे थायमिनचं इंजेक्शन दिलं. हे व्हिटॅमिन शरीरात दोन-तीन आठवड्यांपुरतंच साठलेलं असतं, सारख्या उलट्या झाल्या की संपतं, आणि ते संपलं की मेंदूवर परिणाम होतो, एकाचे दोन दिसायला लागतात, चालताना तोल जातो, बोलण्यात गोंधळ होतो. वेळेत दिलं नाही तर कायमचं नुकसान राहू शकतं. आणि बी१ आधी न देता ग्लुकोजचं सलाईन चढवलं तर त्रास उलट वाढू शकतो. आपल्याकडं अशक्तपणा आला की गल्लीतल्या दवाखान्यात जाऊन एक बाटली लावून यायची पद्धत आहे, तर तिथं सुई टोचायच्या आधी स्वतः सांगा, माझं वजनाचं ऑपरेशन झालंय आणि इतके दिवस उलट्या चालू आहेत. हे एक वाक्य पाठ करा, घरातल्यांना पण पाठ करायला लावा.

पाणी पण ठरत नाही असा एक दिवस गेला, लघवी गडद आणि कमी झाली, ताप, छातीत धडधड, पोटात जोरात दुखणं, डाव्या खांद्यात कळ, काळी शी, ह्यातलं काही असलं तर सकाळची वाट बघायची नाही.

मग ते पाणी नाहीतर सोडा प्यायचं. हे ज्यानं लिहिलं त्यानं अडकलेला घास कधी अनुभवलेला नाही. मोरीच्या तोंडाशी भात बसला आणि वरनं बादली ओतली तर पाणी खाली जातं का? वरच चढतं. तसंच. छातीच्या मधल्या हाडाखाली मूठ आवळल्यासारखं होतं, तोंडाला पाणी सुटतं, त्याचाच तो फेस होतो, अशा वेळी वरनं दोन घोट घेतले की ते तिथंच साचतात आणि कळ दुप्पट होते. सोड्यात तर गॅस, दोन चमच्यांच्या पिशवीत गॅस भरल्यावर काय होणार. खाणं तिथल्या तिथं थांबवायचं, ताट बाजूला सारायचं, उभं राहायचं, घरातल्या घरात हळूहळू चालायचं, थुंकी गिळायची नाही, बेसिनमध्ये थुंकायची. बहुतेक वेळा थोड्या वेळात एकतर खाली सरकतं नाहीतर वर येतं. त्यानंतर लगेच परत जेवायला बसायचं नाही, तो दिवस पातळावर. आणि तासन्‌तास अडकलेलंच राहिलं, थुंकी पण गिळता येईना, तर दवाखाना.

पाणी जेवणाबरोबर नाही, जेवल्यावर अर्ध्या तासानं, मग दिवसभर घोट-घोट करून दीड लिटर तरी. हे जमवायला मला वेळ लागला, आपल्याला तांब्या-भांडं ताटाशेजारी ठेवूनच जेवायची सवय.

पातळावर राहा, हा सल्ला ऐकायला सगळ्यात सोपा वाटतो म्हणून सगळ्यात जास्त लोक ह्यात अडकतात. कारण पातळ सरळ उतरतं, त्रास होत नाही, आणि माणसाला वाटतं चला जमलं. माझ्या ओळखीतल्या एक काकू सहा महिने ज्यूस, सरबत, आईस्क्रीम आणि बिस्किट चहात बुडवून ह्याच्यावर होत्या, वजन उतरायचं थांबलं, केस गेले, जिना चढताना धाप. दिवसाला निदान ६० ग्रॅम प्रोटीन लागतं असं आम्हाला सगळ्यांना सांगतात. एका अंड्यात ६ ग्रॅम, ग्लासभर दुधात साधारण ६-७, म्हणजे विचार करा की ज्यूसवर हे कसं भरायचं. पातळ पदार्थानं पोट भरल्याचं कळत पण नाही, म्हणून गोड पातळ जास्तच जातं. आणि बायपासवाल्यांनी उसाचा रस, काकवी, गुळाचं पाणी घेतलं तर ती साखर एकदम आतड्यात पडते, १०-३० मिनिटांत घाम, धडधड, पोटात मुरडा, जुलाब, गळून जायला होतं. ह्याला डम्पिंग म्हणतात. गुळाच्या गावात राहून हे लिहिताना मला पण वाईट वाटतंय पण खरं आहे ते खरं.

पांढऱ्या रश्श्याचं तर मुद्दाम लिहिते कारण कोल्हापुरात आजारी माणसाला रस्सा पाजल्याशिवाय घरच्यांचं समाधान होत नाही. माझ्या सासूबाई पण वाटी घेऊन उभ्या होत्या. त्यात मटणाचं आळणी, म्हणजे मटण शिजवलेलं पाणी असतं, नारळाचं दूध, काजू, खसखस, म्हणजे स्निग्ध भरपूर आणि प्रोटीन थोडं. प्रोटीन आहे ते मटणाच्या फोडीत, जी आपण बाजूला काढून ठेवतो. चवीला दोन चमचे घ्या, डॉक्टर हो म्हणाले असतील तर, पण त्यालाच जेवण समजू नका.

भाकरी-मटण आयुष्यभर विसरा, हे तर साफ खोटं. साधारण दोन आठवडे पातळ, दोन आठवडे मिक्सरमधलं, दोन आठवडे मऊ, आणि दोन महिन्यांच्या आसपास नेहमीचं अन्न, थोडं थोडं करून, अशी पायरी असते, डॉक्टरांप्रमाणे आठवडे इकडंतिकडं होतात, आपला चार्ट तो आपला. अडचण कशाची येते तर ब्रेडची, त्याचा चिकट गोळा होतो, म्हणून मिसळ-ब्रेड मी अजून धरलेला नाही. मऊ गरम चपातीचं पण बऱ्याच जणांना तसंच होतं, मोकळा नसलेला भात, चिकनचा कोरडा छातीचा भाग, वांग्याची साल, शेवग्याची शेंग. त्यापेक्षा मला कडक वाळलेली ज्वारीची भाकरी वरणात भिजवून जास्त बरी गेली, चावल्यावर तिचा रवा होतो, गोळा होत नाही. मटणाऐवजी आधी खिमा, तो पण ओलसर, मासा, अंडं, पनीर. घास शेंगदाण्याएवढा, २०-३० वेळा चावायचा, चमचा खाली ठेवायचा, जेवण २० मिनिटं तरी चाललं पाहिजे. मी पोराच्या लहानपणीच्या ताटलीत आणि चहाच्या चमच्यानं जेवते. पोट भरलं की मला एक उचकी येते आणि नाक वाहतं, असं बऱ्याच जणांना होतं, त्या उचकीनंतर एक घास जरी घेतला तरी तो परत येतो. आणि एखादी गोष्ट आज नाही गेली तर ती कायमची बंद करू नका, दोन-तीन आठवड्यांनी परत चाखा. जोर लावून, ढकलून खाल्लं की वाट मोठी होते असं पण एकजण मला म्हणाले होते, कृपा करून असलं काही करू नका, वाट मोठी करायचं काम फुग्याचं आणि डॉक्टरांचं.

राहिला मनाचा खेळ. खाण्याची भीती मला बसली होती, नाकारत नाही, ताट बघितलं की घशाशी यायचं. पण ती भीती १२ दिवसांच्या उलट्यांनी बसली, उलट्या भीतीनं झाल्या नव्हत्या. आधी नळी घालून बघा, मग मनाचं बोला. मनासाठी पण माणूस लागतो, आमच्या डायटिशियन मॅडम दर आठवड्याला फोनवर माझा एकेक पदार्थ विचारायच्या, त्यानं खूप फरक पडला.

दादा, तुमच्या मेव्हण्यांचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे ना, तुम्ही मेसेज त्यांच्या काळजीनंच टाकला असणार हे मला माहीत आहे. त्यांना माझा नंबर द्या. आणि घरी आल्यावर डिस्चार्जच्या कागदावरचा फोन नंबर मोठ्या अक्षरात फ्रिजवर चिकटवा, आमच्याकडं तो कागद कपाटात साड्यांच्या खाली होता.